पर्याय कुणाच्या खिशात?

मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि आम्ही चपला शोधत होतो, तोच बाहेरच्या ओट्यावर दोन मुलांची चांगलीच जुंपलेली ऐकू आली. आधी वाटले, निवडणुकीचा विषय असेल. आमच्या वस्तीत दुसऱ्या विषयावर एवढा आवाज सहसा चढत नाही! पण वाद चालला होता अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा. एकाच्या अंगात पिवळे बनियन, पाठीवर २३ आकडा. आणि गंमत म्हणजे बनियनवालाच सांगत होता, "खेळाडू मोठा आहे, पण गद्दार आहे. स्वतःच्या गावची टीम सोडून गेला." दुसरा म्हणत होता, "करार संपला, गेला. त्यात गद्दारी कसली?" आम्हाला पाहताच दोघांनी जयभीम केला आणि निवाडा आमच्याकडे सोपवला. "काका, तुम्ही युनियनमध्ये आहात. तुम्हीच सांगा."

आता खरे सांगायचे तर आमची खेळातली मजल कबड्डी आणि कॅरम यांच्या पलीकडे गेलेली नाही. पण 'करार' हा शब्द कानावर पडला की आम्हाला स्वस्थ बसवत नाही. पुढल्या रविवारी उत्तर देतो, असे सांगून आम्ही घरी आलो आणि आठवडाभर मिळेल ते वाचून काढले. जे हाती लागले ते एवढे आपल्या जिव्हाळ्याचे निघाले की, या वेळचा स्तंभ त्यालाच द्यायचे ठरवले.

ज्याच्यावरून वाद, तो लेब्रॉन जेम्स. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराजवळचे ॲक्रन हे त्याचे गाव. आई सोळा वर्षांची असताना हा जन्मला. बापाचा पत्ता नाही, भाड्याच्या खोल्या बदलत बदलत बालपण गेले. २००३ साली क्लीव्हलँडच्या संघाने त्याला घेतले. 'घेतले' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. कारण या धंद्यात नवा मुलगा आपला पहिला मालक स्वतः निवडत नाही. दरवर्षी संघ रांगेने एकेक नाव पुकारतात, याला म्हणतात ड्राफ्ट. ज्याने नाव पुकारले त्याच्याकडे जायचे, मग ते शहर आवडो की नावडो. पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलाला चार वर्षांचा करार मिळतो. त्यातली दोन वर्षे पक्की. तिसरे आणि चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर. त्यानंतरही मुलगा एकदम मोकळा होत नाही. जुन्या संघाने ठरावीक रकमेचा देकार पुढे ठेवला की तो 'मर्यादित मुक्त' ठरतो. म्हणजे दुसऱ्या कुणी त्याला मागणी घातली, तर जुन्या संघाने एक-दोन दिवसांत तेवढीच रक्कम मान्य करावी आणि त्याला ठेवून घ्यावे. त्या पुढचा करार संपला की मग तो खरा मुक्त. दरवर्षी ३० जूनच्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या घड्याळात सहा वाजले की या मुक्त खेळाडूंचा बाजार उघडतो.

बाजार उघडण्याच्या आधीचे काही दिवस मोठे मजेचे असतात. कारण अनेक करारांच्या शेवटच्या वर्षापुढे एक शब्द लिहिलेला असतो, ऑप्शन. मराठीत पर्याय. आम्ही हिशेबाच्या वहीत आयुष्य घालवलेले कारकून, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. पर्याय म्हणजे खिशातली किल्ली. ती खेळाडूच्या खिशात असेल, तर शेवटचे वर्ष ठरलेल्या पगारावर काढायचे की करार तिथेच तोडून बाजारात उभे राहायचे, हे तो ठरवतो. किल्ली संघाच्या खिशात असेल, तर खेळाडूने नुसते दाराकडे पाहत बसायचे. शब्द तोच, कागद तोच, पण अर्थ पार उलटा. कुठल्याही करारात पर्याय हा गोड शब्द दिसला की आधी विचारावे, किल्ली कुणाकडे?

आणि गंमत अशी की, पन्नास-साठ वर्षांपूर्वी याच खेळात ऑप्शन हा शब्द होता, पण सगळ्या किल्ल्या मालकांच्या कमरेला होत्या. खेळाडूच्या छापील करारात एक कलम असे. करार संपला तरी त्याच अटींवर आणखी एक वर्ष वाढवण्याचा हक्क मालकाला. आता 'त्याच अटी' म्हटल्यावर त्यात हे कलमही आलेच! म्हणजे एका वर्षानंतर पुन्हा एक वर्ष, पुन्हा एक वर्ष, असा अर्थ मालक लावीत. मालकाने विकले तर जायचे, नाही विकले तर तिथेच झिजायचे. रिक बॅरी नावाच्या गोऱ्या खेळाडूने १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोचा संघ सोडून प्रतिस्पर्धी संस्थेच्या संघात जायचे ठरवले, तर कोर्टाच्या हुकमाने त्याला अख्खा हंगाम घरी बसावे लागले. ऐन उमेदीतला खेळाडू, पण मैदानाबाहेर.

आमच्या वाचकांना हे कलम ओळखीचे वाटले असेल. आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलेले महार वतन दुसरे काय होते? नावाला वतन, त्याचा मान, तुकडाभर जमीन आणि बलुते. पण रात्री-बेरात्री सरकारी कामाची हाक आली की हजर, घरचा कर्ता जाग्यावर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने जायचे. बाप गेला की मुलगा, मुलगा गेला की नातू. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, तेव्हा वतनाचा अभिमान धरून बसलेले आपलेही काही लोक नाराज झाले होते. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. आम्ही दोन्हींची बरोबरी करीत नाही. बलुत्याच्या शिळ्या भाकरीवर जगणारा वतनदार आणि विमानाने फिरणारा खेळाडू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण कागदावर बांधून ठेवायची युक्ती मात्र सख्ख्या भावंडांसारखी दिसते.

ती मोडली कुणी? ऑस्कर रॉबर्टसन. बास्केटबॉलवाले त्याला 'बिग ओ' म्हणतात. जन्म १९३८, टेनेसी राज्यात. वाढला इंडियानापोलिसच्या गरीब काळ्या वस्तीत. त्याची शाळा ख्रिस्पस ॲटक्स, फक्त काळ्या मुलांसाठी वेगळी काढलेली. १९५५ साली या शाळेने इंडियाना राज्याचे अजिंक्यपद मिळवले. केवळ काळ्या मुलांच्या शाळेने राज्याचा किताब जिंकण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ. जिंकणाऱ्या संघाची शहराच्या मध्यभागी मिरवणूक काढायची तिथली रीत. पण या मुलांना गाडीत बसवून मध्यभागातून थोडक्यात फिरवले आणि काळ्या वस्तीतल्या बागेत नेऊन सोडले. उत्सव करायचा तर तुमच्या वस्तीत करा! चवदार तळ्याची आठवण असलेल्या माणसाला या मिरवणुकीचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. सोळा वर्षांचा ऑस्कर त्या रात्री लवकर घरी निघून गेला, म्हणतात.

पुढे १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. सिनसिनाटीच्या व्यावसायिक संघात गेल्यावर १९६१–६२ च्या हंगामात सरासरी दर सामन्याला तीस गुण, बारा रिबाउंड आणि अकरा पास, असा पराक्रम की जो पुन्हा व्हायला पंचावन्न वर्षे लागली. पण आम्हाला त्याचे गुण मोजायचे नाहीत. आम्हाला मोजायची आहे १४ जानेवारी १९६४ ची संध्याकाळ. बोस्टन शहर, बाहेर बर्फाचे वादळ. देशातले निवडक खेळाडू एका सामन्यासाठी जमलेले, दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण ठरलेले. खेळाडूंच्या युनियनला कुणी विचारीत नव्हते आणि पेन्शन तर नव्हतीच. हे सगळे, काळे-गोरे मिळून, कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिले. पेन्शनचा शब्द द्या, नाहीतर आम्ही बाहेर येत नाही. एका मालकाने आपल्या दोन खेळाडूंना निरोप धाडला की, मुकाट्याने बाहेर या. ते हलले नाहीत. वेळ टळत चालली, कॅमेरे थांबले. अखेर आयुक्त वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि सामना उशिरा सुरू झाला. त्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला ऑस्कर रॉबर्टसन. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी गिरण्या थांबवल्या, त्या संपाच्या आघाडीवर बाबासाहेब होते. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, असे त्यांनी कायदेमंडळात बजावले होते. त्या खोलीत बसलेल्यांना आपले बाबासाहेब ठाऊक असण्याचे कारण नाही, पण वाट तीच.

१९६५ मध्ये रॉबर्टसन युनियनचा अध्यक्ष झाला. १९७० साली दोन प्रतिस्पर्धी संस्था एकत्र येऊ पाहत होत्या. दोन मालकवर्ग होते तोवर खेळाडूला थोडी तरी घासाघीस करता येत होती. एक झाले की सगळी दारे एकाच्याच हातात. रॉबर्टसन आणि इतर तेरा जणांनी न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा ठोकला: हे विलीनीकरण थांबवा आणि ते जन्मभर बांधणारे कलम काढा.

हा दावा पुढे ज्या न्यायाधीशांपुढे आला, त्यांचे नाव वाचून आम्ही खुर्चीतून उठलो. रॉबर्ट कार्टर. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे नावाजलेले वकील. गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा १९५४ चा जो ऐतिहासिक निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, त्या खटल्यात थरगुड मार्शल यांच्याबरोबर उभे राहून त्यांनी युक्तिवाद केला होता. आणि हे कार्टर १९४१ साली कायद्याची वरची पदवी घेऊन बाहेर पडले ते कोलंबिया विद्यापीठातून! जिथे १९१३ साली आपला भीमराव पाऊल टाकून आला होता. वेगळ्या शाळेत शिकलेल्या मुलाचा दावा, वेगळ्या शाळा मोडणाऱ्या वकिलापुढे. १९७५ साली कार्टर यांनी मालकांचा दावा फेटाळण्याचा अर्ज नाकारला आणि पुढच्याच वर्षी मालक तडजोडीला आले. बांधणारे कलम गेले. मुक्ततेचे दार किलकिले झाले. ते पुरते उघडायला मात्र १९८८ साल उजाडले. त्या वर्षी टॉम चेंबर्स हा खेळाडू कुणाचीही परवानगी न घेता सिॲटलहून फिनिक्सला गेला, असा तो पहिलाच.

रॉबर्टसनला स्वतःला यातून काय मिळाले? १९७४ साली, म्हणजे तडजोडीच्या दोन वर्षे आधी, तो खेळातून निवृत्त झाला होता. निवृत्तीनंतर दूरचित्रवाणीवर समालोचनाचे काम मिळाले, ते एका हंगामात सुटले. त्यामागे आपला दावाच होता, असे तो मानतो. आंब्याचे झाड लावणाऱ्याला आंबा मिळतोच असे नाही, हे चळवळीतल्या माणसाला कुणी सांगायला नको. १९९७ साली मुलीचे मूत्रपिंड निकामी झाले, तेव्हा याने आपले एक काढून दिले. हे आम्ही विषयाबाहेरचे लिहितो आहोत, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

"पण काका, एवढे कोटी घेणाऱ्यांची कसली गुलामी?" हा प्रश्न बनियनवाल्याने त्याच दिवशी विचारला होता. अमेरिकेतही हाच प्रश्न विचारला गेला. कर्ट फ्लड हा बेसबॉलचा काळा खेळाडू. १९६९ साली त्याच्या संघाने त्याला न विचारता दुसऱ्या शहराला देऊन टाकले. त्याने आयुक्तांना पत्र लिहून कळवले की, मी विकायची-घ्यायची मालमत्ता नाही. तेव्हा त्याचा पगार वर्षाला ९० हजार डॉलर होता, म्हणून लोक हसले. पगार चांगला असला तरी गुलाम तो गुलामच, असे त्याने दूरचित्रवाणीवर उत्तर दिले. १९७२ साली तो सर्वोच्च न्यायालयात हरला आणि त्याची कारकीर्दही संपली. प्रश्न ताटात किती वाढले याचा नाही, ताटावरून उठता येते का याचा आहे.

आता गद्दारीकडे वळू. लेब्रॉनने २००६ साली नवा करार करताना एक शहाणपणा केला. पाच वर्षे बांधून घेण्याऐवजी तीन वर्षे घेतली आणि चौथ्या वर्षाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. म्हणून २०१० च्या उन्हाळ्यात तो मोकळा झाला आणि मायामीला गेला. ती घोषणा त्याने ८ जुलैला दूरचित्रवाणीवर तासाभराचा खास कार्यक्रम करून केली, हे आम्हालाही पटले नाही. मागे राहिलेल्यांच्या जखमेवर मीठ चोळायचे काही कारण नव्हते. क्लीव्हलँडच्या रस्त्यांवर त्याची बनियने जाळली. संघाचा मालक डॅन गिल्बर्ट याने त्याच रात्री जाहीर पत्र काढून त्याला भित्रा विश्वासघातकी ठरवले. त्यावर रेव्हरंड जेसी जॅक्सन म्हणाले की, मालकाला हा पळालेला गुलाम वाटतो आहे. जॅक्सन जरा जास्तच बोलले असे तेव्हा अनेकांचे मत पडले. गिल्बर्टला मात्र एक लाख डॉलर दंड झाला.

पण करार पूर्ण करून माणूस गेला, तर त्याने कुणाचे काय बुडवले? उलट बाजू पाहा. आयझेया थॉमस हा जेमतेम पावणेसहा फुटांचा खेळाडू. २०११ च्या ड्राफ्टमध्ये साठावा, म्हणजे अगदी शेवटचा. पुढे बोस्टनला आला आणि २०१६–१७ मध्ये सरासरी जवळजवळ २९ गुण काढू लागला. एप्रिल २०१७ मध्ये त्याची धाकटी बहीण मोटार अपघातात गेली. दुसऱ्याच दिवशी हा डोळे पुसत मैदानात उतरला. एका सामन्यात दात पडला, तरी खेळला. बहिणीच्या वाढदिवशी ५३ गुण काढले. कमरेच्या सांध्याला दुखापत असताना खेळत राहिला. पुढच्या वर्षी करार संपेल तेव्हा कमाल पगाराचा करार मिळणार, असे सारे बोलत होते. ऑगस्टमध्ये बोस्टनने त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकले. बातमी फोनवरून कळली. दुखऱ्या सांध्यामुळे निम्मा हंगाम बाहेर, मग फेब्रुवारीत पुन्हा तिसऱ्या शहरात रवानगी. २०१८ च्या जुलैत तो मुक्त झाला, तेव्हा हाती आला एका वर्षाचा किमान पगाराचा करार, सुमारे वीस लाख डॉलर. तेवढे पैसे आपल्याला सात जन्मांत दिसणार नाहीत, हे खरे. पण त्याची बनियने जाळली नाहीत तशी मालकाची कोटटोपीही कुणी जाळली नाही. निष्ठेचा हिशेब लोक एकाच रकान्यात लिहितात.

थॉमसचा धडा सगळ्यांनी गिरवला असणार. शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याने बाजाराला कधी उभे राहायचे हा जुगारच. जानेवारी २०१८ मध्ये डीमार्कस कझिन्स याच्या टाचेची शीर तुटली, मुक्त व्हायला अवघे पाच महिने राहिले असताना. त्याला सुमारे ५३ लाख डॉलरवर समाधान मानावे लागले. म्हणून कुणी लांब करार घेऊन सुरक्षित राहतो, तर कुणी लेब्रॉनसारखा. २०१४ साली तो क्लीव्हलँडला परतला, तो दोन वर्षांच्या करारावर, आणि त्यातले दुसरे वर्ष स्वतःच्या पर्यायावर. २०१५ मध्ये करार तोडून नवा, २०१६ मध्ये गावाला अजिंक्यपद मिळवून देऊन पुन्हा नवा. बनियने जाळणाऱ्यांनी नवी घेतली! २०१८ ला तो लॉस एंजेलिसला गेला. जून २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याने खिशातला पर्याय वापरून २०२५–२६ चे वर्ष पक्के केले, ५ कोटी २६ लाख डॉलरवर. आपल्या रुपयांत साडेचारशे कोटींच्या आसपास.

एक विनोद सांगतो. जगभर युनियन किमान वेतनासाठी भांडते. इथे मालकांनी १९९८–९९ मध्ये सहा महिने टाळेबंदी करून कमाल वेतन पदरात पाडून घेतले. एका खेळाडूला अमुक टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचेच नाही! ८२ सामन्यांचा हंगाम ५० वर आला. आपल्याच मालकांनी चढाओढीत जास्त पैसे देऊ नयेत म्हणून मालकांनी आपल्याला लावून घेतलेली वेसण ती.

एवढे टिपण तयार झाले आणि बुधवारी संध्याकाळी बनियनवाला घरी आला. हातात पाकीट. एका ठेकेदाराकडे नोकरी लागली म्हणून पेढे आणले होते. आम्ही म्हटले, पेढा नंतर, कागद दाखव. अकरा महिन्यांची नेमणूक. सातवे कलम वाचले आणि चष्मा काढून पुसला. 'व्यवस्थापनास योग्य वाटल्यास सदर नेमणूक याच अटींवर आणखी अकरा महिने वाढविता येईल.' आठवे कलम: काम सोडल्यास सहा महिने तशाच दुसऱ्या कंपनीत काम करायचे नाही. नववे: मूळ प्रमाणपत्रे कार्यालयात जमा.

बी. कॉम.ला आम्हाला व्यापारी कायदा होता. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम अजून पाठ आहे. माणसाला त्याचा कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. तेव्हा आठव्या कलमाला घाबरू नकोस, असे त्याला सांगितले. प्रमाणपत्रांच्या फक्त साक्षांकित प्रती द्यायच्या, मूळ नाही. आणि सातव्यात दोन शब्द घालून मागायचे: 'कामगाराच्या लेखी संमतीने'. तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचे होते.

पोरगा अर्जाकडे बघत राहिला. "काका, एवढं मागितलं तर कामावर घेतील ना?"

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. घरी म्हातारी आई, बहिणीची फी थकलेली, हे आम्हाला ठाऊक. त्याला धीर देणे सोपे, पण सोमवारी ठेकेदाराच्या टेबलापुढे त्यालाच उभे राहायचे होते.

"तुझ्याबरोबर आणखी किती जणांना पत्र आलंय?" आम्ही विचारले.

"आमच्या गल्लीतलेच सहा जण आहेत."

"मग एकट्याने देऊ नकोस. शुक्रवारी सगळ्यांना घेऊन ये."

शुक्रवारी चौघे आले. दोघांनी आधीच सही करून टाकली होती.